‘फुकट देण्यापेक्षा कामाला लावा’ : एका जुन्या वाक्याची गोष्ट

लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यावर पडले की दोन दिवस आपल्याकडं एकच चर्चा चालते. बँकेच्या दारात, एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, सगळीकडं. आणि त्या चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं, “असं फुकट वाटण्यापेक्षा कामाला लावा की लोकांना!” बोलणारा कोणत्याही पक्षाचा असतो. मान हलवणारेही सगळ्या पक्षांचे.

वाक्य ऐकायला एकदम रास्त आहे. पण आपल्या दुष्काळी पट्ट्यात ते दीडशे वर्षं फिरतंय. याच वाक्याच्या आधारानं एकदा सरकारनं अर्धपोटी माणसांना दहा-दहा मैल चालायला लावलं, आणि याच वाक्याच्या आधारानं पुढं महाराष्ट्रानं देशाला आदर्श ठरेल असा कायदा केला. शब्द जवळजवळ तेच, अर्थ मात्र पार उलटे. हा फरक कसा पडला, ते सांगण्यासाठी आजची पोस्ट. लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात १८७६ पासून करू. त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर हा सगळा पट्टा होरपळला. म्हसवडजवळचा आपला राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळात हाती घेतलेलं काम. पुढं १८७८ मध्ये सुरू झालेला दौंड–मनमाड रेल्वेमार्गही बराचसा दुष्काळी मजुरांच्या हातांनी झाला. आपण शिर्डीला किंवा नाशिककडं जाताना त्या रुळांवरून जातो. खालची भर कुणी टाकली, हे डब्यात कुणाच्या मनात येत नाही.

व्हाइसरॉय लिटनला चिंता खर्चाची होती. लंडनमधूनही हात आखडता घ्या असंच सांगणं होतं. त्यानं जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेम्पल याला दुष्काळाची पाहणी करायला पाठवलं. या टेम्पलची गंमत अशी, की तीनच वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात यानंच ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले होते. तिथं माणसं फारशी दगावली नाहीत. पण ‘केवढा हा पैसा उधळला!’ म्हणून त्याला वरून बोल बसले. त्यातून तो धडा शिकला. तो दख्खनला आला तेव्हा पक्का काटकसरी होऊन आला होता.

दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी त्यानं दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, इतक्यावर आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची आणि दगड फोडायचे. मद्रास इलाख्याचा आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश ओरडून सांगत होता, की एवढ्या अन्नावर काम करणारा माणूस टिकणार नाही. शेवटी मद्रासमध्ये मजुरी थोडी वाढवावी लागली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

मजुरीइतकीच महत्त्वाची गोष्ट होती अंतराची. गावाजवळची छोटी कामं बंद करायची आणि लांबवर मोठी कामं काढायची. माणसानं घरदार सोडून तिथल्या छावणीत राहायचं. यामागचा विचार साधा होता आणि सरकारी कागदांत तो उघडपणे लिहिलेला आहे. जो खरोखर उपाशी आहे, तोच एवढ्या लांब, एवढ्या कमी मजुरीवर, एवढं कष्टाचं काम करायला येईल. जो येणार नाही, त्याला गरज नाही असं समजावं. याला नावच ‘कसोटी’ होतं. काम हीच कसोटी.

म्हणजे काम द्यायचं होतं ते तलाव व्हावा म्हणून नव्हे आणि माणूस उभा राहावा म्हणूनही नव्हे. खरा गरजू कोण आणि लबाड कोण, हे गाळून काढण्यासाठी ते द्यायचं होतं. चाळणी म्हणून.

लोकांनी हे मुकाट सोसलं असं वाटत असेल, तर तसं नाही. १८७७ च्या सुरुवातीला मजुरी कापल्यावर आणि लांबच्या कामांवर हलवायला लागल्यावर दख्खनमधल्या हजारो मजुरांनी कामावर जायचंच नाकारलं. उपाशी माणसांचा संप. विचार करा, ज्याच्या घरी चूल पेटत नाही, तो माणूस मिळतंय ते कामही सोडून देतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेनं, हे प्रकरण लावून धरलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली, दुष्काळाचे वृत्तान्त छापले, सरकारकडं अर्ज केले. आम्ही पत्रकार आज ज्याला ‘ग्राउंड रिपोर्ट’ म्हणून मिरवतो, ते सभेची माणसं १८७७ मध्ये पायी फिरून करत होती.

त्याच वर्षी सत्यशोधक समाजानं धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून पोरांच्या पोटाची सोय केली. सावित्रीबाईंचं एप्रिल १८७७ मधलं ओतूरहून जोतिरावांना लिहिलेलं पत्र ज्यांनी वाचलं असेल, त्यांना त्या वर्षाची दाहकता सांगायला नको. ही मदत देताना कुणी कसोटी लावली नव्हती.

त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात किती माणसं गेली, याचा सरकारी आयोगाचा स्वतःचाच अंदाज पन्नास लाखांच्या वर आहे.

तो आयोग म्हणजे रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालचा दुष्काळ आयोग. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यावरून दुष्काळ संहिता, म्हणजे फॅमिन कोड तयार झाले. खरं सांगायचं तर ही चांगली सुधारणा होती. कलेक्टरनं कधी काय करायचं, कामं कधी काढायची, मजुरी कशी ठरवायची, पाण्याची आणि औषधाची सोय काय, हे सगळं प्रथमच लिहून ठेवलं गेलं. पण मूळ विभागणी कायम राहिली. धडधाकट माणसाला काम आणि म्हातारे, अपंग, आजारी, तान्ही पोरं असलेल्या बाया यांना मोफत मदत. धडधाकट माणसाला फुकट काही द्यायचं नाही.

ही विभागणी आजही आपल्या तहसील कचेरीत बसलेली आहे. १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तिचा फॉर्म भरताना ‘काम करण्यास असमर्थ’ हे सिद्ध करायला लोकांची जी धावपळ होते, त्याची मुळं तिकडं आहेत. अपंगत्वाचा टक्का, वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याची सही. सत्तरीची म्हातारी दाखल्यासाठी तिसऱ्यांदा हेलपाटा घालते, तेव्हा टेम्पलचीच चाळणी चालू असते. फक्त दहा मैलांऐवजी चार खिडक्या.

आता १८९६. पुन्हा दुष्काळ. या वेळी लोकमान्य टिळकांनी एक वेगळी गोष्ट केली, जी शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आटपते. त्यांनी दुष्काळ संहिता हातात घेतली आणि ‘केसरी’तून शेतकऱ्यांना सांगायला सुरुवात केली, की बाबांनो, यात तुमच्यासाठी काय काय लिहिलंय ते वाचा. काम मिळणं, सारा तहकूब होणं, ही सरकारची मेहरबानी नाही. सरकारनं स्वतःच लिहून दिलेलं आहे, तेव्हा ते मागा. सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव जाऊन हे सांगू लागली, मराठीत पत्रकं वाटू लागली. त्यातल्या काहींवर खटले झाले. १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यताच काढून घेतली.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सरकारला राग कशाचा आला? सभेनं काही बंड पुकारलं नव्हतं. सरकारच्याच पुस्तकातली कलमं तिनं लोकांना वाचून दाखवली होती. ज्या क्षणी उपाशी माणूस ‘द्या हो’ ऐवजी ‘द्यायचं ठरलंय, द्या’ असं म्हणायला लागला, त्या क्षणी प्रकरण बदललं. अडचण एवढीच होती, की ती संहिता म्हणजे अधिकाऱ्यांसाठीच्या सूचना होत्या. तिच्या जोरावर कोर्टात जाता येत नव्हतं. मागता येत होतं, पण भांडता येत नव्हतं. त्यासाठी अजून ऐंशी वर्षं जायची होती.

मधला काळ भरभर ओलांडू. १८९९–१९०० चा दुष्काळ, मग विसाव्या शतकातले लहानमोठे, मग स्वातंत्र्य. संविधानाचं कलम ४१ मात्र थांबून वाचण्यासारखं आहे. राज्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व अशा वेळी सरकारी मदतीचा हक्क मिळवून द्यावा, असं त्यात म्हटलंय. काम आणि मदत या दोन्ही गोष्टी एकाच कलमात, शेजारी शेजारी. ‘हे नको, ते द्या’ असं घटनाकारांनी म्हटलेलं नाही.

आणि १९६३ ची एक गंमत. महाराष्ट्र सरकारनं एक कायदा करून कायद्याच्या पुस्तकांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढून टाकला. त्याच्या जागी ‘टंचाई’ आली. खोटं वाटेल, पण असा कायदा खरोखर झाला. आजही अधिकारी ‘टंचाईसदृश परिस्थिती’ म्हणतात तेव्हा आपण हसतो, पण त्याला इतका भक्कम आधार आहे!

आता आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात येऊ. तासगाव तालुक्यातलं विसापूर. (नगर जिल्ह्यातलं तुरुंगाचं विसापूर वेगळं, नेहमी घोळ होतो.) या गावचे वि. स. पागे. स्वातंत्र्यसैनिक, गांधी-विनोबांच्या विचारांचे, संतसाहित्याचे अभ्यासक आणि १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. माणूस पदानं मोठा, पण डोक्यात गावातला मजूर. पागेंनी एक साधा प्रश्न विचारला. दुष्काळ पडला की सरकार काम काढतं, पाऊस पडला की बंद करतं. पण भूमिहीन मजुराला तर दरवर्षी पेरणी आणि काढणीच्या मधल्या दिवसांत दुष्काळच असतो. मग काम फक्त दुष्काळातच का? मागेल त्याला, मागेल तेव्हा का नाही?

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना हे पटलं. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग सुरू झाला. पुण्यात गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ हेही त्याच सुमारास, गरिबी हटवायची तर सार्वजनिक कामांतून रोजगार द्यायला हवा, अशी मांडणी करत होते. पुढं २८ मार्च १९७२ ला राज्यभरासाठी रोजगार हमी योजनेचा निर्णय झाला. आणि लगेच बहात्तरचा दुष्काळ आला.

बहात्तरबद्दल मी काय सांगणार? माझा जन्म त्यानंतरचा. पण आपल्या भागात साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारा. मिलो, सुकडी, खडी फोडायची केंद्रं, पाझर तलाव, नालाबंडिंग, मुकादमाची शिट्टी, शनिवारचा पगार. तांबड्या मिलोची भाकरी कशी थापायची, यावर अजून आमच्याकडं म्हाताऱ्यांचे वाद होतात. आकडा सांगतो तो मात्र नीट वाचा. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी. म्हणजे लहान पोरं धरून दर दहा माणसांमागं एक माणूस सरकारी कामावर. पीक बुडालेलं असूनही १८७६ सारखे भूकबळी झाले नाहीत, याचं मोठं श्रेय या कामांना जातं.

पण बहात्तरनं एक दोषही दाखवला. फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं पडून राहिले. काम झालं, कामातून काही उभं राहिलं नाही. म्हणून दुष्काळ सरल्यावर रोजगार हमी पुन्हा सुरू झाली तेव्हा भर होता तो उपयोगी कामांवर. बंडिंग, तलाव, रस्ते, वनीकरण.

पैसा कुठून आणायचा? इथं महाराष्ट्रानं एक धाडसी गोष्ट केली. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या नोकरदारानं, व्यापाऱ्यानं, डॉक्टर-वकिलानं थोडा थोडा कर द्यायचा आणि सरकारनं त्यात स्वतःची भर घालायची. तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत, त्यांनी पगाराची स्लिप काढून बघा. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५०० कापले जातात ना? ‘पी. टी.’ लिहिलेलं असतं. तो हाच. पन्नास वर्षं आपण रोजगार हमीच्या नावानं सुरू झालेला कर भरतोय आणि निम्म्या जणांना तो कशाचा आहे हेही ठाऊक नाही. त्या पैशाचं पुढं काय होतं, यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

१९७७ मध्ये विधिमंडळानं महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम एकमतानं मंजूर केला. तेव्हा वसंतदादा मुख्यमंत्री होते. २६ जानेवारी १९७९ ला तो अमलात आला, तेव्हा शरद पवारांचं पुलोद सरकार होतं. कायद्याचा गाभा एवढाच, की ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. दिवसांची मर्यादा नाही. कुटुंबाला एक असंही नाही, माणशी हक्क. ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा भिंतीभिंतीवर दिसायची, आमच्या लहानपणी शाळेच्या भिंतीवर होती.

आता टेम्पलच्या कसोटीशी हे ताडून बघा. तिथं सरकार ठरवत होतं तू खरा गरजू आहेस का. इथं माणूस ठरवतो मला काम हवंय, आणि परीक्षा सरकारची, की पंधरा दिवसांत ते देता येतंय का. काम तेच, टिकाव-फावडं-घमेलं तेच, ऊन तेच. कसोटी कुणाची, एवढंच उलटं झालं.

याचा फायदा कुणाला झाला? सगळ्यात जास्त बायकांना. घराजवळ काम, पुरुषाइतकाच दर, आणि कायद्यानं पाणी, सावली, पोरांसाठी पाळणाघर यांची सोय. पाळणाघर म्हणजे बहुतेक ठिकाणी एखाद्या म्हातारीला झाडाखाली बसवलेलं असायचं, पण मस्टरवर तिचंही नाव असायचं. शहाद्याची श्रमिक संघटना, डहाणूची कष्टकरी संघटना यांच्यासारख्या संघटनांनी या कायद्याच्या बळावर आदिवासी मजुरांना कामाची मागणी करायला शिकवलं. जमीनदाराच्या दारात मिळेल त्या मजुरीवर जाण्याला दुसरा पर्याय उभा राहिला.

शेतकऱ्यांनाही फायदा झाला. काही अभ्यासक तर म्हणतात, मजुरांपेक्षा बागायतदारांनाच जास्त झाला, कारण बंडिंग, पाझर तलाव, विहिरी यांचं पाणी शेवटी ज्याच्याकडं जमीन आहे त्याच्याच शेतात. यात तथ्य आहे. मजुराला मस्टरवरचे दिवस मिळाले आणि जमीनवाल्याला तलाव मिळाला. पण १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड आली, तिचा विचार केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. स्वतःच्या माळरानावर खड्डे घ्या, झाडं लावा, जगवा आणि त्याची मजुरी सरकारकडून घ्या. सांगोला, आटपाडी, माणमधल्या डाळिंबाच्या बागांच्या इतिहासात हा टप्पा आहे. मजुरीवर जाणारा दोन-चार एकरांचा कोरडवाहू माणूस स्वतःच्या बागेचा मालक झाला, अशी घरं मी पाहिली आहेत. मदतीवरून कमाईवर जाणं कशाला म्हणायचं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. नंतर तेल्या रोगानं त्यातल्या अनेक बागा मोडल्या, ती गोष्ट वेगळी.

मग घसरण कुठं झाली? १९८८ मध्ये किमान मजुरी दुप्पट झाली आणि रोजगार हमीचा दरही त्याबरोबर वर गेला. मजुराचा तो हक्कच होता. पण त्यानंतर काय झालं पाहा. १९८० च्या आसपास वर्षाला वीस कोटींच्या घरात मनुष्यदिवस काम निघत होतं, ते दशक संपेपर्यंत दहा कोटींच्या खाली आलं. दर वाढल्यावर मागणारे कमी झाले असं कोण म्हणेल? काम काढणंच आखडलं. कायदा जागेवर, हक्क जागेवर, फक्त काम ‘शेल्फवर’. फॉर्म घ्यायचा पण पोच द्यायची नाही. पन्नास मजूर जमल्याशिवाय नवीन काम नाही. तांत्रिक मंजुरी आहे, प्रशासकीय नाही. शिवाय बोगस मस्टरचे घोटाळे. मेलेल्या माणसांनी माती उचलल्याच्या बातम्या मीही केल्या आहेत. त्या केल्याचं वाईट वाटत नाही, पण प्रत्येक घोटाळ्यानंतर एक नवीन दाखला वाढला आणि तो खऱ्या मजुरालाच आणावा लागला, हेही पाहिलंय.

२००५ मध्ये केंद्रानं महाराष्ट्राचाच नमुना समोर ठेवून देशाचा कायदा केला, फेब्रुवारी २००६ पासून तो लागू झाला. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी होती. त्यातलं एक कलम मला फार आवडतं. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचं, त्याबाहेर दिलं तर मजुरी दहा टक्के जास्त. १८७७ मध्ये लांब चालायला लावणं ही गरिबाची परीक्षा होती. २००५ मध्ये तेच अंतर सरकारच्या खिशावर टाकलं. ज्यानं कुणी हे कलम लिहिलं, त्यानं टेम्पल वाचला असणार असं मला उगाच वाटतं.

पण चाळणी जित्याची खोड आहे. २०२३ पासून कामावरच्या मजुरांचे मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढायचे. रेंज नसेल तर डोंगरावर चढा. फोटो अपलोड झाला नाही तर दिवस गेला. २०२४ पासून आधारला जोडलेल्या खात्यावरच मजुरी, नावात एक अक्षर चुकलं की पैसे अडकले. आणि दर किती? २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ३१२ रुपये होता. आपल्याकडं द्राक्षाच्या छाटणीला माणूस त्या पैशात येत नाही. दिवाळीच्या आधी ऊसतोडीचा मुकादम दारात येतो, उचल रोख हातावर ठेवतो. सरकारी मजुरी कधी जमा होईल याचा नेम नाही. अशा वेळी जोडपं कोयता घेऊन सहा महिने बाहेर गेलं, तर ‘लोकांना काम नकोय’ असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?

शिकलेल्या पोरांचंही बघा. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीधराला १०,००० महिना, सहा महिन्यांसाठी. पुढं पाच महिने वाढवून मिळाले. पोरं ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेऱ्यांत बसली, कामं केली, कॉम्प्युटर सांभाळले. मुदत संपल्यावर ‘आता पुढं काय?’ म्हणून मुंबईला आंदोलनाला गेली. इथं ‘कामाला लावा’ हे तंतोतंत झालं होतं की! पण अकराव्या महिन्यानंतर काय, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. बहात्तरच्या खडीच्या ढिगांची मला तेव्हा आठवण आली.

तेव्हा लाडक्या बहिणीवरून पुढच्या वेळी कुणी ‘कामाला लावा’ म्हणालं, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मी एवढंच विचारणार, की काम किती किलोमीटरवर, रोज किती, पैसे किती दिवसांत, आणि मागितलं पण मिळालं नाही तर कोण जबाबदार. ज्या बाईला दीड हजार मिळतात, तिलाही हेच प्रश्न पडतात. तिला मात्र हे कुणी विचारायला येत नाही.

जाता जाता कामाचं. अंगमेहनतीचं काम हवं असेल तर ग्रामपंचायतीत लेखी मागणी द्यायची. तोंडी मागणी करू नका आणि ग्रामरोजगार सेवकाच्या ‘बघतो’वर परत येऊ नका. तारीख घातलेली पोच मागून घ्या आणि जपून ठेवा. पंधरा दिवसांत काम दिलं नाही हे दाखवायचं, तर ती मागणी कधी केली याचा तोच एक पुरावा आपल्या हातात असतो. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर मला इनबॉक्समध्ये गावाचं नाव आणि तारीख कळवा.